हो म्हणा, नाही म्हणा, पण तारीख द्या

'सरकारी काम आणि सहा महिने थांब' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पण आज पेडणे-डिचोलीतील काही घरांत ही म्हण ऐकवली, तर घरातली माणसे कडवट हसतील. सहा महिन्यांत काम झाले असते तर त्यांनी देवाला नारळ दिला असता. ही घरे आहेत भारतीय नागरिकत्वासाठी अर्ज करून बसलेल्यांची. परके कोणी नव्हेत, आपलीच माणसे. आपल्याच शाळेत मराठी शिकलेली, आपल्याच देवळाच्या जत्रेला येणारी, आपल्याच वाड्यावरची. कधी काळी पोर्तुगीज पासपोर्टवर विलायतेला गेली, आता परत आली आणि पुन्हा भारताचे नागरिक व्हायचे म्हणून कागद घेऊन रांगेत उभी राहिली.

आमच्याकडे असे गृहस्थ संध्याकाळी येऊन बसतात. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत झेरॉक्सचा गठ्ठा. "फाईल वर गेली आहे, असे सांगतात," एवढेच ते बोलतात. वर म्हणजे कुठे? पणजीला की दिल्लीला? कोणाच्या टेबलावर? घोडे नेमके कुठे पेंड खाते आहे, हे त्यांना कोणी सांगत नाही. नकार मिळाला असता तर माणूस रडून मोकळा झाला असता, दुसरी वाट शोधली असती. होकारही नाही आणि नकारही नाही, या मधल्या अवस्थेत त्याचे आयुष्य भिजत घोंगड्यासारखे पडून राहते. आजचा लेख या भिजत घोंगड्याविषयी आहे.

आजोबांनी अर्ज केला नव्हता

आधी थोडा इतिहास पाहू. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. त्यानंतर भारत सरकारने नागरिकत्व कायद्याच्या सातव्या कलमाखाली २८ मार्च १९६२ रोजी गोवा, दमण व दीव नागरिकत्व आदेश काढला. ज्याचा स्वतःचा, आईबापांपैकी कोणाचा किंवा आजा-आजीपैकी कोणाचा जन्म २० डिसेंबर १९६१ पूर्वी या प्रदेशात झाला होता, तो त्या दिवसापासून भारताचा नागरिक समजला जाईल, असे त्यात म्हटले होते. ज्याला जुनेच नागरिकत्व ठेवायचे असेल, त्याने एका महिन्याच्या आत तसे लेखी कळवायचे होते.

म्हणजे पेडण्यातल्या कुळाला, डिचोलीतल्या दुकानदाराला किंवा साखळीच्या मास्तरला अर्ज करावा लागला नाही. शिक्का नाही, पोलीस चौकशी नाही, खेपा नाहीत. १९६० च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या सुमारे ५ लाख ९० हजार होती. एवढ्या लोकांचे नागरिकत्व एका आदेशाने ठरले. ज्यांनी नकार दिला त्यांचाही निकाल लागला. एका पाद्रीने पोर्तुगीज राष्ट्रीयत्व ठेवले. पुढे परवान्याविना राहिल्याबद्दल त्याच्यावर खटला झाला, तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६९ साली हरला. हरला, पण त्याला उत्तर मिळाले. त्या सरकारकडे संगणक नव्हता, इंटरनेट नव्हते, पेडण्यापर्यंत धड रस्तासुद्धा नव्हता. तरी माणसाला आपण कोण आहोत हे तीन-चार महिन्यांत कळले. आज अर्ज संगणकावर भरतात आणि उत्तर मात्र ढगात असते!

माणसे गेली का?

'पोर्तुगीज पासपोर्ट' म्हटले की आपल्याकडे अनेकांच्या कपाळाला आठ्या पडतात. म्हणून हेही समजून घेतले पाहिजे. पोर्तुगालने गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व मान्य केले ते ३१ डिसेंबर १९७४ च्या करारात. मुक्तीपूर्वी इथे जन्मलेल्या माणसाला पोर्तुगालचा कायदा आपलाच मानत राहिला आणि त्याच्या मुलांनाही लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणी कचेरीत जन्म नोंदवून राष्ट्रीयत्व मिळवण्याची वाट उघडी राहिली. पोर्तुगाल युरोपीय संघात असल्यामुळे त्या एका पासपोर्टवर इंग्लंडमध्ये काम करता येत होते. सासष्टी-बार्देशातून माणसे आधी गेली, पेडणे-डिचोलीतून मागाहून.

मागाहून का, तेही सांगतो. डिचोली तालुक्याचे पोट खाणीवर होते. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणी थांबवल्या, पाठोपाठ सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली आणि पुन्हा सुरू होतात न होतात तोच फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले. ज्याने कर्ज काढून ट्रक घेतला होता, त्याच्या दारात ट्रक गंजला आणि बँकेची नोटीस आली. अशा घरातल्या पोराने आजोबांचा जन्मदाखला शोधून लिस्बनला पाठवला, तर त्याने देश विकला असे आपण म्हणायचे काय?

पुढे इंग्लंडने युरोपीय संघ सोडला. ३१ डिसेंबर २०२० ला संक्रमणाचा काळ संपला आणि नव्याने जाणाऱ्यांना ती वाट बंद झाली. गेलेल्यांतले काही परत आले. कोणाचे वडील अंथरुणाला खिळले, कोणाची शेती ओस पडली, कोणाला तिथली थंडी आणि एकटेपण सोसले नाही. ही माणसे आता गावात राहतात, पण गावची नाहीत.

गावात राहून गावाबाहेर

दुसऱ्या देशाचे नागरिकत्व आपणहून घेतले की भारतीय नागरिकत्व संपते, असे नागरिकत्व कायद्याचे नववे कलम सांगते. नुसती लिस्बनला जन्मनोंद केली म्हणजे नागरिकत्व घेतले की नाही, यावर गोव्यात खूप वाद झाले. पण पासपोर्टच घेतला असेल तर वादाला फारशी जागा उरत नाही. हे कठोर असले तरी कायदा आहे आणि तो सर्वांना सारखा आहे. २०२२ या एका वर्षात देशभरातून २ लाख २५ हजार ६२० भारतीयांनी नागरिकत्व सोडले. तेव्हा हे केवळ गोवेकराचे पाप आहे, असे समजण्याचे कारण नाही.

पण त्याच कायद्याने परतीची वाटही ठेवली आहे. पाचव्या कलमात लिहिले आहे की, जो स्वतः किंवा ज्याचे आईबाप पूर्वी स्वतंत्र भारताचे नागरिक होते आणि जो अर्जापूर्वी बारा महिने भारतात राहिला आहे, त्याला नोंदणीने नागरिकत्व मिळू शकते. ज्याच्याकडे पाच वर्षे ओसीआय कार्ड आहे त्यालाही बारा महिन्यांच्या वास्तव्यानंतर अर्ज करता येतो. म्हणजे ही माणसे कोणाची मेहेरबानी मागत नाहीत. संसदेने जी वाट आखून दिली, तिच्यावरून चालत आहेत.

निकाल लागेपर्यंत त्यांचे काय होते ते पाहा. मत देता येत नाही. मतदार यादीत नाव नाही म्हणून ग्रामसभेत हात वर करता येत नाही. पेडण्यात मोपाच्या विमानतळामुळे जमिनींचे भाव चढले, गावागावांत प्रकल्प आले, ग्रामसभा तापल्या. पण ज्याच्या घरासमोरून रस्ता जाणार आहे, तो सभामंडपाबाहेर उभा राहून ऐकतो. सरकारी नोकरी नाही. ओसीआय कार्ड असले तरी शेतजमीन विकत घेता येत नाही. वारशाने येईल तेवढीच. बाजूचा तुकडा भावाकडून घेऊन शेती सलग करायची म्हटली तर हात बांधलेले.

ओसीआय कार्ड मिळणेही सोपे राहिले नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने काढलेल्या निवेदनानंतर गोव्यातील अनेकांचे भारतीय पासपोर्ट जमा करून घेण्याऐवजी रद्द करण्यात आले आणि पासपोर्ट जमा केल्याचा दाखला नाही म्हणून कार्ड अडले. त्यावर पर्याय सांगणारे दुसरे निवेदन दिल्लीहून निघायला एप्रिल २०२४ उजाडला आणि त्यानंतरही घोळ संपला नाही. एका कागदाने घातलेली गाठ दुसऱ्या कागदाने सैल करायला सुमारे दीड वर्ष!

'क्यू' आणि 'एक्स' यांचा खेळ

आपल्या तालुक्यांची आणखी एक खास अडचण आहे. जुन्या जन्मनोंदी पोर्तुगीज भाषेत आहेत. लिहिणाऱ्या कारकुनाने आपली नावे कानाला लागली तशी पोर्तुगीज वळणाने लिहिली. नाईक शेवटी 'क्यू' घेऊन आला, शेट 'एक्स'ने सुरू झाला, परबाचा पोरोब झाला. कित्येकांच्या नोंदीत आडनावच नाही, बापाचे नाव आडनावासारखे लावलेले. मुक्तीनंतर शाळेच्या दाखल्यावर मराठी उच्चाराप्रमाणे एक नाव आले, रेशनकार्डावर दुसरे, पासपोर्टवर तिसरे. गावात कोणालाही विचारा, तिन्ही नावे एकाच माणसाची. पण फाईल तपासणारा गावचा नसतो. त्याच्या दृष्टीने ही तीन माणसे असतात. मग प्रतिज्ञापत्र आणा, वर्तमानपत्रात जाहिरात द्या, मामलेदारांचा दाखला आणा, आणि दाखला येईपर्यंत आधीच्या कागदाची मुदत संपलेली.

यात अर्जदाराची चूक कोणती? नोंद पोर्तुगीज राजवटीने केली, दाखला भारतीय राजवटीने दिला, दोहोंमधला फरक मात्र त्याने आपल्या खिशातून भरून काढायचा.

विचारायचे तरी कोणाला?

अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडून राज्याच्या गृहखात्याकडे आणि तिथून केंद्रीय गृहमंत्रालयाकडे जातो. मध्ये पोलिसांची आणि गुप्तचर यंत्रणेची चौकशी होते. चौकशी व्हायलाच हवी, त्याबद्दल आमची तक्रार नाही. देशाचे नागरिकत्व म्हणजे जत्रेतला खाजा नव्हे, की आला त्याला वाटला. जिल्हाधिकारी आणि राज्य सरकार यांनी अर्ज किती दिवसांत पुढे पाठवावा हे नियमांत लिहिले आहे. पण ते दिवस उलटले तर काय, याचे उत्तर नाही. आणि दिल्लीने शेवटचा निर्णय किती दिवसांत द्यावा, याला तर बंधनच नाही.

आता खरी मेख ऐका. आपल्याला एखाद्या फाईलचे काय झाले हे कळून घ्यायचे असेल तर आपण माहिती अधिकाराचा अर्ज टाकतो. २००५ चा तो कायदा अधिकार देतो 'नागरिकांना'. गोव्यात सरकारी सेवा मुदतीत मिळाव्यात म्हणून २०१३ साली कायदा झाला, त्याच्या नावातच 'नागरिकांचा हक्क' आहे. म्हणजे नागरिकत्वाच्या अर्जाचे काय झाले हे विचारण्यासाठी आधी नागरिक असावे लागते! चावी कपाटात आणि कपाटाला कुलूप, अशातली ही गत. राहता राहिले उच्च न्यायालय. घटनेचे १४ वे आणि २१ वे कलम नागरिक नसलेल्यालाही संरक्षण देते, त्यामुळे पर्वरीचा दरवाजा उघडा आहे. पण वकिलाची फी ज्याला परवडते त्यालाच तो उघडा.

इतर देशांनी यावर उपाय काढले आहेत. अमेरिकेत नागरिकत्वाच्या मुलाखतीनंतर १२० दिवसांत निर्णय दिला नाही, तर अर्जदाराला थेट न्यायालयात जाता येते आणि तशी तरतूद नागरिकत्वाच्या कायद्यातच आहे. जर्मनीत सरकारी कचेरीने सबळ कारणाशिवाय तीन महिने अर्जावर निर्णय दिला नाही, तर केवळ त्या निष्क्रियतेविरुद्ध दावा लावता येतो. अर्ज करणारा परका आहे, म्हणून त्याला कितीही ताटकळत ठेवावे, असा अर्थ तिथे निघत नाही.

इच्छा असली की होते

'एवढी छाननी म्हणजे वेळ लागणारच,' असे कोणी म्हणेल. त्यांना गोव्यातलेच उदाहरण देतो. १९४६ साली गोव्यात जन्मलेले एक गृहस्थ १९६० मध्ये शिकायला पाकिस्तानात गेले. ते तिकडे असतानाच गोवा मुक्त झाला. पुढे पाकिस्तानी नागरिकत्व, मग बहारीनमध्ये नोकरी, आणि २०१३ पासून पुन्हा गोव्यात, सासष्टीच्या बाजूला कासावली परिसरात वास्तव्य. ज्या मातीत जन्म झाला, त्या मातीत ते परके म्हणून राहिले. २८ ऑगस्ट २०२४ रोजी मुख्यमंत्री प्रमोद सावंत यांच्या हस्ते त्यांना भारतीय नागरिकत्वाचा दाखला मिळाला. नागरिकत्व दुरुस्ती कायद्याखाली गोव्यात नागरिकत्व मिळालेले ते पहिले. तेव्हा त्यांचे वय ७८ होते.

हा दुरुस्ती कायदा संसदेने डिसेंबर २०१९ मध्ये केला, त्याचे नियम आले ११ मार्च २०२४ रोजी. नुसते नियम लिहायला चार वर्षे तीन महिने! पण नियम आल्यावर मात्र सहा महिन्यांच्या आत दाखला हातात पडला. तीन देशांतील सहा धर्मांच्या लोकांपुरताच तो कायदा असावा की नसावा, यावर देशात मोठा वाद आहे आणि तो इथे उकरून काढत नाही. आमचा मुद्दा साधा आहे. चौकशी तीच, पोलीस तेच, दिल्ली तीच. वरून इच्छा झाली तेव्हा काम महिन्यांत झाले. मग ज्यांच्या मागे वरची इच्छा नाही, त्यांनी वर्षे का मोजायची?

अशीच गोष्ट अधिकारांची. केंद्राने २०१६, २०२१ आणि २०२२ मध्ये शेजारी देशांतून आलेल्या अल्पसंख्याकांचे अर्ज निकालात काढण्याचे अधिकार काही राज्यांतील निवडक जिल्हाधिकाऱ्यांना दिले. त्यांत गुजरातचे जिल्हे आहेत, राजस्थानचे आहेत, २०१६ मध्ये मुंबई, पुणे, ठाणे, नागपूरही होते. गोव्याचा एकही जिल्हा त्यांत नव्हता. म्हणजे जिल्ह्याच्या पातळीवर निर्णय होऊ शकतो, हे सरकारलाही मान्य आहे. फक्त गोव्यात होत नाही.

आपल्याच माणसांना चार शब्द

आता थोडे आपल्या लोकांशी. 'गेले तेव्हा आम्हाला विचारले होते का? आता भोगू दे,' असे आपल्याच बैठकांतून ऐकू येते. ज्या पेडण्यात पत्रादेवीचे स्मारक आहे, तिथे ही भावना असणार हे मी समजू शकतो. १५ ऑगस्ट १९५५ रोजी पत्रादेवीच्या सीमेवर सत्याग्रही गोळ्या खाऊन पडले, आणि त्याच पोर्तुगालचा पासपोर्ट पुढे आपली मुले घेतात, हे पाहून जुन्या माणसांचे काळीज दुखते. पण त्या पत्रादेवीवर हौतात्म्य पत्करणाऱ्यांत पंजाबचा कर्नेल सिंग होता. तो गोव्याचा नव्हता, त्याची इथे जमीन नव्हती, इथली भाषाही त्याला येत नसेल. तो आला, कारण गोवेकर हा आपला माणूस आहे असे त्याला वाटले. परक्या प्रांतातला माणूस आपल्यासाठी प्राण देतो आणि आपण आपल्या वाड्यावर परत आलेल्याला म्हणायचे, भोग! हे हुतात्म्यांच्या स्मरणात बसत नाही. पोर्तुगालचे नागरिकत्व सोडून भारताच्या घटनेवर निष्ठेची शपथ घ्यायला जो तयार आहे, त्याच्या परत येण्याने पत्रादेवीचा अपमान होत नाही, मानच वाढतो.

आणि ताटकळणे म्हणजे काय, हे डिचोलीकरांना कोणी शिकवायला नको. मयेचे उदाहरण घ्या. मुक्तीनंतर मयेचा काउंट पोर्तुगालला राहिला. त्याची मालमत्ता १९६४ च्या कायद्याने स्थलांतरितांची मालमत्ता म्हणून कस्टोडियनच्या ताब्यात गेली. जाणारा गेला, पण जे इथेच राहिले आणि १९६२ च्या आदेशाने भारतीय झाले, त्यांच्या घराखालची जमीन त्यांची झाली नाही. आंदोलने झाली, निवडणुकांत आश्वासने मिळाली. कायदा झाला २०१४ साली, म्हणजे मुक्तीनंतर त्रेपन्न वर्षांनी, आणि सनदांसाठी त्यानंतरही वर्षे मोजावी लागली. ज्यांनी सुरुवातीला कागद घेऊन खेपा घातल्या, त्यांतले कित्येक सनद न पाहताच गेले. मयेवासीयांना कोणी 'नाही' म्हटले नव्हते. सगळे 'होईल' म्हणत होते. या 'होईल'नेच दोन पिढ्या खाल्ल्या.

म्हणून आमच्या मागण्या मोजक्या आहेत. पहिली, नागरिकत्वाच्या अर्जावर प्रत्येक पायरीला बंधनकारक मुदत हवी, दिल्लीलासुद्धा. मुदतीत निर्णय झाला नाही तर कारण लेखी कळवावे. दुसरी, पूर्वी भारतीय नागरिक असलेल्या गोवेकरांच्या अर्जांवर निर्णय घेण्याचे अधिकार गोव्यातील जिल्हाधिकाऱ्यांना द्यावेत. तिसरी, जुन्या पोर्तुगीज नोंदीतले नाव आणि आजचे नाव एकाच माणसाचे आहे, हे ठरवून एकच दाखला देण्याची सोय पेडणे आणि डिचोलीच्या मामलेदार कचेरीत व्हावी. तो दाखला सर्व कचेऱ्यांनी मानावा. चौथी मागणी आपल्या आमदारांकडे. गोव्यातून नागरिकत्वाचे किती अर्ज गेले, किती निकालात निघाले आणि सर्वांत जुना अर्ज किती वर्षांचा आहे, हा प्रश्न त्यांनी विधानसभेत विचारावा. खासदारांनी तोच लोकसभेत विचारावा. अर्जदाराला विचारण्याचा हक्क नाही, पण त्याच्यासाठी विचारण्याचा हक्क आपल्याला आहे. मत आपल्याकडे आहे.

आणि वाचक बंधु-भगिनींनो, आपल्या वाड्यावर असा अर्जदार असेल तर त्याला टोमणा मारण्याऐवजी त्याच्याबरोबर एक खेप घाला. त्याची नावे जुळवून द्यायला जुन्या माणसांची साक्ष लागते, ती द्या. सरकारला आमचे सांगणे एवढेच आहे. तपासा, हवे तितके तपासा. हो म्हणायचे तर हो म्हणा, नाही म्हणायचे तर नाही म्हणा, पण माणसाला तारीख द्या. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी मिळालेला दाखला भिंतीवर छान दिसतो, पण मधली वर्षे परत मिळत नाहीत.